उद्या चालंल का?

आमच्या ऑफिसात येणाऱ्या मेलपैकी निम्म्याअधिक मेलच्या डोक्यावर लाल अक्षरांत ‘अर्जंट’ लिहिलेलं असतं. नवीन लागलेल्या मुली ते बघून धावपळ करतात. मी चष्मा पुसत विचारते, "उद्या चालेल का?" मुली एकमेकींकडे बघतात. बाईंना कामाचा कंटाळा आहे, असं त्यांचं मत झालेलं आहे आणि ते खोडायला मी जात नाही. पण हा प्रश्न माझा नाही. तो बाळाराम केणे यांचा. त्यांनी तो जन्मभर लोकांना विचारला. मी त्यांना तो एकदाच विचारला, आणि उत्तर समोर असून मला ते कळलं नाही.

मानकोली नाक्यावर तेव्हा गोदामं उठायला नुकती सुरुवात झाली होती. आज भाताचं खाचर दिसायचं, चार महिन्यांनी तिथे भराव टाकून पत्र्याची शेड उभी. अशाच एका शेडमध्ये, साबण आणि शांपूच्या खोक्यांच्या वासात, मी कॉम्प्युटरवर होते. तिशी उलटलेली, एका मुलीची आई. भिवंडीहून रोज दोन रिक्षा बदलून यायचे. एक दिवस मॅनेजरसाहेबांनी एका गृहस्थांना माझ्या टेबलाशी आणून बसवलं. म्हणाले, "हे केणे. तार ऑफिसातून रिटायर झालेत. बाहेरचा सगळा पत्रव्यवहार आता हे बघतील."

पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, चष्म्याला काळी नाडी. जवळच्या कोन गावातले आगरी, बोलणं अस्सल गावचं. हे आता इंग्रजी पत्रव्यवहार बघणार म्हटल्यावर मी मनातल्या मनात नाक मुरडलं. ते बहुधा चेहऱ्यावर उमटलं असावं, कारण केणेकाका हसले.

"बाय, मना कॉम्प्युटर येत न्हाय. मी सांगन, तू टाईप कर. पन सांगतो ते तसंच्या तसं. एक शब्द इकडंतिकडं न्हाय."

पहिल्याच आठवड्यात माझं मुरडलेलं नाक सरळ झालं. काकांचं इंग्रजी शाळेतलं नव्हतं, तारेतलं होतं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांच्या, आजूबाजूच्या गाववाल्यांच्या तारा लिहिल्या आणि पाठवल्या होत्या. तारेत माणूस दोनच गोष्टी सांगतो, काय झालंय आणि किती घाई आहे. त्यामुळे घाई सांगणारे इंग्रजी शब्द त्यांना जसे येत, तसे इंग्रजी शाळेत शिकलेल्या आमच्या मॅनेजरांनाही येत नसत. ते शब्द त्यांनी पायऱ्या लावाव्यात तसे लावून ठेवले होते. सगळ्यात खाली ‘ॲट युवर कन्व्हीनियन्स’. म्हणजे तुमच्या सवडीनं, नाही आलात तरी राग नाही. त्याच्या वर ‘ॲट द अर्लिएस्ट’. मग ‘विदाउट डिले’, मग ‘ॲट वन्स’, मग ‘इमिजिएटली’. आणि सगळ्यांच्या वर ‘सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’. तिथे पोचल्यावर माणसानं हातातला घास ताटात टाकून उठायचं.

"ही वरची पायरी फुकट वापरायची न्हाय," ते सांगायचे. "गुळगुळीत झाली तर खऱ्या वेळी पाय सटकतो."

आमचे मॅनेजर नेमकं उलटं करायचे. त्यांना सगळंच ‘मोस्ट अर्जंट’ हवं असायचं, अगदी ऑफिसच्या पंख्याची दुरुस्तीसुद्धा. काका डिक्टेशन घ्यायचे, मग पेन खाली ठेवून शांतपणे विचारायचे, "साहेब, उद्या चालंल का?" साहेब छताकडे बघायचे, विचार करायचे आणि म्हणायचे, "चालेल तसं." की काका मला म्हणायचे, "लिही, ॲट द अर्लिएस्ट."

त्यांच्या या प्रश्नाची खोच मला पुढे एकदा त्यांनीच समजावली. डबा खाताना बोलणं निघालं. काकींनी दिलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, हा त्यांचा रोजचा डबा. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "अगो, खिडकीवर येनारा दर मानूस बोलायचा, बहुत अर्जंट है. मंग मी इचारायचो, कल चलेगा? मानूस काय उत्तर देतो त्याच्याकडं बघायचं न्हाय. किती लवकर देतो ते बघायचं. जो इचार करतो, त्याला घाई न्हाय. ज्याचं उत्तर आपला प्रश्न संपायच्या आधी येतं, त्याच्या घरात आग हाय. मंग तो हां बोलू दे नाय तर ना बोलू दे."

"हो म्हणाला तरी?"

"हो बोलला तरी. मानसं घाबरून हो बोलतात गो."

मी हसले आणि चटणीचा घास घेतला. ऐकताना गंमत वाटली, एवढंच.

काकांना स्वतःला कसलीच घाई नसायची. गोदामातले हमाल त्यांना ‘अर्जंटकाका’ म्हणायचे आणि त्यांची चाल बघून हसायचे. पावसाळ्यात नाक्यावरच्या चिखलातून छत्री सांभाळत ते असे येत, की मागचा कंटेनर हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. विचार करत असले की बोटं टेबलावर वाजवायची, एक लांब, दोन आखूड. तरुणपणी शिकलेली तारेची कट्टकट्ट हातातून गेली नव्हती. "काय पाठवताय काका?" मी चिडवायचे. "काय न्हाय," ते म्हणायचे, "लाईन चालू हाय का बगतो."

एकदाच मी त्यांना वरच्या पायरीवर चढताना पाहिलं. खोक्यांच्या थप्पीवरून एक हमाल खाली पडला, शुद्ध हरपली. त्या वेळी हाताशी वाहन एकच, मॅनेजरसाहेबांची गाडी, आणि साहेब आत हेड ऑफिसच्या लोकांबरोबर मिटिंगमध्ये. दारावर शिपाई, आत सोडायला तयार नाही. काका त्याला बाजूला सारून आत गेले आणि एकच शब्द म्हणाले, "साहेब, इमिजिएटली." साहेबांनी काय, कुठे, कोण, काहीही विचारलं नाही. उठले आणि चावी घेऊन धावत बाहेर आले. दोन वर्षांत काकांनी तो शब्द स्वतःहून कधी उच्चारला नव्हता, हे साहेबांनाही ठाऊक होतं. हमाल वाचला. काका परत येऊन टेबलाशी बसले आणि पाणी प्यायले.

आणि मग माझी एक चूक. एका डेपोतून माल येत नव्हता, इथे चार गाड्या रिकाम्या उभ्या. साहेबांनी सांगितलं होतं ‘ॲट द अर्लिएस्ट’. मला वाटलं, एवढ्यानं काय होणार? मी आपल्या मनानं ‘मोस्ट अर्जंट, इमिजिएटली’ लिहून टाकलं. तिकडच्या लोकांनी घाबरून हाती लागेल तो माल भरून गाडी पाठवली, निम्मी खोकी भलतीच. साहेब ओरडले ते ओरडलेच, पण मला लागलं ते काकांचं. ते ओरडले नाहीत. खुर्ची जवळ ओढून बसले.

"मनीषाबाय, निरोप कुनाचा? पाठवनाऱ्याचा. आपला काय संबंध? आपन फक्त पोचवनारे. त्याला कमी वाटंल, जास्ती वाटंल, ते त्यानं बगायचं. आपन तसंच्या तसं." मग थोडं थांबून म्हणाले, "एका शब्दानं मानसाचं काय होतं, तुला म्हाईत न्हाय. मना म्हाईत हाय."

त्या दुपारी त्यांनी विलासची हकिकत सांगितली. विलास त्यांचा एकुलता एक मुलगा. नागपूरला इंजिनिअरिंगला, शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू. इकडे काकींना कावीळ झाली आणि त्या बेशुद्ध पडल्या. डॉक्टरांनी मान हलवली. काकांनी दुसऱ्या कुणाला हात लावू न देता स्वतःच्या हातानं तार केली, ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ आता तारेतल्या ‘सीरियस’चा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना माहीत असायचा. माणूस गेला तरी ‘गेला’ असं कुणी लिहीत नसे. येणाऱ्यानं वाटेत धीर सोडू नये म्हणून ‘सीरियस’ लिहायचं. आणि येणारा मनातून ओळखायचाच. विलासनंही ओळखलं. पेपर टाकून निघाला, नागपूरपासून कल्याणपर्यंत रडत आला. घरी येऊन बघतो, तर आई उशीला टेकून बसलेली, पेज पितेय.

"आनंद झाला असेल किती!" मी म्हणाले.

"मना पन तसंच वाटलं." काका चष्म्याची नाडी बोटाला गुंडाळत होते. "तो दारातच बसला. बोलला, बाबा, मी गाडीतच आईला पोचवून आलो. तुम्ही तारवाले. कंचा शब्द कवा वापरायचा ते तुमाला कळायला पायजे व्हतं."

विलासचे दोन पेपर बुडाले, वर्ष गेलं, कॉलेजात ठरलेली नोकरी गेली. पुढे तो मस्कतला एका कंपनीत लागला. दरवर्षी दिवाळीला यायचा, आईला साड्या, बापाला घड्याळ आणायचा. भांडण काहीच नाही. फोनवर "जेवलात का, पाऊस आहे का" एवढं झालं की दोघंही गप्प आणि फोन काकींच्या हातात. काकांनी त्या दिवसापासून मुलाला घाईचा एक शब्द पाठवला नव्हता. फोन लागत नसे किंवा काही नीट कळवायचं असे, तेव्हा ते माझ्याकडून मेल करवून घेत. प्रत्येक मेलचा शेवट ठरलेला, ‘नो हरी’.

त्यानंतर दोनएक वर्षांनी गणपतीच्या सुमाराला काका कामावर यायचे बंद झाले. पोटाचं दुखणं, असं कळलं. विसर्जन झाल्यावर मी कोनला त्यांच्या घरी गेले. ओटीवर खाटेवर पडले होते. माणूस अर्धा उरला होता, डोळे पिवळे. काकी आत चहा ठेवत होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून काका हळू आवाजात म्हणाले, "कल्यानच्या डॉक्टरनं सांगितलं हाय. तिला सांगायचं न्हाय. फोनवर बोलन तर ती ऐकंल. तू विलासला मेल कर."

मी पर्समधून डायरी काढली. विलासच्या कंपनीचा नियम मला माहीत होता, कारण काकांनीच मागे सांगितला होता. दिवाळीची रजा सोडून मधेच यायचं तर घरून लेखी निरोप दाखवावा लागायचा, आणि तोही खरोखर निकडीचा. साध्या पत्रावर सोडत नसत. म्हणजे या मेलमध्ये काय लिहिलं जाईल, त्यावर तो येणार की नाही हे ठरणार होतं. हे काकांना ठाऊक होतं. मलाही होतं.

काकांनी मजकूर सांगितला. तब्येत जरा नरम आहे, औषध चालू आहे, काळजी नसावी. मग थांबले. खाटेच्या कडेवर बोटं वाजायला लागली. बराच वेळ वाजत राहिली.

"पुढे?" मी विचारलं.

"लिही. कम ॲट युवर कन्व्हीनियन्स."

मी पेन थांबवलं. ती सगळ्यात खालची पायरी. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारायला गेले, "काका, उद्या चा..."

"चालंल, चालंल," ते म्हणाले.

मी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मेल टाईप करताना माझा हात अडला, हे खोटं सांगणार नाही. कॉम्प्युटरवर मी ‘कम इमिजिएटली’ असं लिहूनही बघितलं. ते बरं दिसत होतं. मग त्यांचं बोलणं आठवलं, निरोप कुणाचा, आपला काय संबंध. मी ते खोडलं आणि डायरीतलं तसंच्या तसं लिहून पाठवून दिलं. आपण काकांचा धडा पाळला, याचं मला वर समाधानही वाटलं. विलासचं उत्तर दोन दिवसांत आलं. कामाचा जोर आहे, दिवाळीला येतोच, तेव्हा मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मी ते काकांना फोनवर वाचून दाखवलं. "बरं," ते म्हणाले. "बरं झालं."

दिवाळीला आठ दिवस उरले असताना काका गेले. विलास पोचला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. शरीर तेवढा वेळ टिकण्यासारखं नव्हतं, सगळं उरकलं होतं. या खेपेला कुणी तार केली नव्हती. काकींनी फोनवर रडत सांगितलं होतं आणि तो निघाला होता.

दहाव्याला मी गेले. विलास माझ्याजवळ येऊन बसला. बापाचाच चेहरा, फक्त चष्मा नाही.

"ती मेल तुम्ही टाईप केली होती ना, ताई?"

"हो."

"त्यांनी असंच सांगितलं होतं?"

"हो. तसंच्या तसं."

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "एक शब्द असता तरी मी निघालो असतो. नोकरी सोडून निघालो असतो. मी खिडकीत बसून रोज ती मेल वाचायचो. वाटायचं, बाबांना माझा अजून राग आहे. म्हणून बोलवत नाहीत." आणि तो पोर असल्यासारखा रडायला लागला. राग बापाला कधीच नव्हता. बाप घाबरला होता, पुन्हा एकदा आपण मुलाचं नुकसान करू म्हणून. हे मी त्याला सांगायला हवं होतं.

तेवढ्यात अंगणातून एक म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. निजामपुऱ्यातले रहमतभाई, जुने लूमवाले. काकांच्या फोटोसमोर हात बांधून उभे राहिले आणि मग विलासला म्हणाले, "बेटा, तुम्हारे बाप का मुझपर बड़ा एहसान है. मेरे अब्बा यहाँ बीमार पड़े थे. बड़ा भाई सूरत में, हमसे नाराज़. मैं तार करने गया. मैंने कहा, लिखो, फ़ुर्सत मिले तो आ जाना. केणेसाब ने पूछा, कल चलेगा? मैंने झट से कह दिया, हाँ साब, चलेगा. उन्होंने मेरी तरफ़ देखा और काग़ज़ पर अपने मन से लिख दिया, फ़ादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. भाई आ गया. अब्बा ने उसकी गोद में दम तोड़ा."

"अपने मन से?" मी विचारलं.

"जी बहनजी. बाद में ख़ुद आकर बताया. बोले, रहमत, मैंने तेरा लफ़्ज़ बदला, माफ़ कर. लेकिन जिसको सचमुच बुलाना होता है ना, वो डर के मारे छोटा लफ़्ज़ बोलता है. उसका लफ़्ज़ नहीं, उसका मुँह देखना पड़ता है."

मी तिथून उठले आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. काकींनी लावलेली मिरचीची रोपं होती तिथे. मला काकांचा राग आला. मला ‘तसंच्या तसं’ शिकवलं आणि स्वतः मात्र वेळ आल्यावर शब्द बदलला. मग लक्षात आलं की त्यांनी दोन्ही गोष्टी मला शिकवल्या होत्या. दुसरी त्यांनी भाकरी खाता खाता सांगितली होती आणि मी ती हसण्यावारी नेली होती. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचं उत्तर आलं होतं. दोनदा आलं होतं. समोर खाटेवर पडलेल्या माणसाच्या घरात आग होती आणि मी खाली मान घालून त्याचे शब्द लिहून घेत होते.

इतकी वर्षं झाली. विलास मस्कत सोडून परत आला, काकींना सांभाळतो. तार बंद झाली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो विसर्जनानंतरचा दिवस आहे. मी डायरी मिटून निघाले. मी नको नको म्हणताना काका खाटेवरून उठले आणि भिंतीला धरत, एक एक पाऊल टाकत फाटकापर्यंत आले. बाहेर कल्याण रस्त्यावर शेअर रिक्षा उभी होती, माणसं भरलेली, एकच जागा शिल्लक. घरी मुलीची शिकवणी सुटायची वेळ झाली होती.

"तसंच्या तसं घेतलंस न गो बाय?" त्यांनी विचारलं.

"हो काका. एक अक्षर बदलणार नाही."

त्यांनी मान हलवली. फाटकाच्या लाकडावर बोटं वाजत होती. मी रिक्षात बसल्यावर वळून बघितलं, तर ते अजून तिथेच होते. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, हातही थोडा वर केला. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी मनात म्हटलं, उद्या फोन करून विचारेन, आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चला."